बावीस फूट

निपाणीतली तंबाखूची जुनी वखार
भाड्यानं घेतली शिवणवर्गासाठी.
भिंती जाड, भाडं बेताचं,
आणि छत बावीस फुटांवर.
हे मालकांनी सगळ्यात शेवटी सांगितलं,
जणू वरची हवा पदरची घालत होते.

आढ्याला लागून चार ट्यूबलाइट लावल्या.
तिन्हीसांजेला बटण दाबलं.
उजेड निघाला खरा,
पण तुळयांवर, कौलांच्या पोटाशी, पारव्यांच्या पंखांत
वाटेतच खर्च होत गेला.
खाली पोचला तो
महिनाअखेरच्या पगारासारखा.
सोळाजणी सुईचं नेढं
डोळ्यापाशी धरून बसल्या.
कस्तुराबाईला निळं पोलकं काळं दिसलं,
काळ्या दोऱ्यानं शिवलं,
सकाळी उसवत बसली.

इराण्णा हत्तरगींच्या दुकानात गेले.
फोनवर त्यांचं कानडीत, माझ्याशी मराठीत,
वॉटचे आकडे तेवढे दोन्हीकडे तेच.
"झुंबर बघा. लग्नाच्या हॉलात हेच दिलंय."
लोलक छान होते.
मी विचारलं, पुसायला वर चढणार कोण?
"मग हा घ्या, कारखान्याचा. मैदान उजळतो, मैदान."
मला मैदान नको होतं.
मला काज दिसायला हवं होतं.

मौला नदाफ शिडी घेऊन आला.
तुळईवर त्यानं बोट फिरवलं मात्र,
तीस वर्षांची तंबाखू उठली.
आधी तो शिंकला वर,
मग खाली आम्ही सगळ्या, रांगेनं.

नाक पुसत कस्तुराबाई म्हणाली,
"हितंच बसायचो की आम्ही, पान निवडायला.
त्या वरच्या झरोक्यातनं ऊन यायचं.
अकराला भितीपाशी, तीनला दारापाशी.
पाट्या घिऊन त्याच्या मागनं सरकायचो.
उजेड काय आपल्या जाग्यावर येत न्हाई, बाई."

मी वर बघितलं. मग खाली.
"मौला, छत सोड. वायरी खाली घे."
सहा बल्ब, दुपारसारखे पांढरे,
डोळ्यांत घुसू नयेत म्हणून पत्र्याच्या टोप्या,
आणि वर-खाली करायला कप्प्या,
विहिरीच्या रहाटाला असतात तशा.

"किती खाली?" तो शिडीवरनं ओरडला.
कस्तुराबाईनं बसल्या जागी हात उंच केला,
बोटं ताणली.
"एवढं."
"उभं राहिलं की कपाळात बसंल, मावशी!"
"उभं ऱ्हायला कोण आलंय हितं?"

आता निळं निळं दिसतं.
वरचा सोळा फूट अंधार
पारव्यांना देऊन टाकलाय,
भाडं मात्र बावीस फुटांचंच भरते.

कस्तुराबाईचा दिवा नेमका तिच्या सुईवर.
तरी दुपारी तीनच्या सुमाराला
तिचं स्टूल
दाराकडे थोडं सरकलेलं असतं.