गुरुवारी लाइट नसते

भोसरीत गुरुवारी लाइट नसते.
रेक्टिफायरचा काटा शून्यावर निजतो
आणि टाकीतलं हिरवं पाणी
नुसतं हिरवं पाणी होऊन बसतं.

अकरा वर्षं मी या टाकीशी आहे.
तारेच्या जिगवर पितळी नळ टांगते,
आम्लात बुचकळते, धुते, हिरव्यात सोडते.
वीस मिनिटांनी वर काढले
की त्यांत माझं तोंड दिसतं, लांबुडकं.

निकेल कुठून येतं ते मला माहीत आहे.
पलीकडे कापडी पिशवीत त्याचे तुकडे असतात,
ते झिजत जातात, गालात धरलेल्या खडीसाखरेसारखे.
पण मधलं पाणी गाळून पाहा,
फडक्यावर एक कण राहणार नाही.

"आयन असतात ते," तनिष्का म्हणाली.
नववीचं पुस्तक मांडीवर, दारातल्या उजेडात.
"बाहेरच्या पंगतीला आठ पाट, आई.
सोडियमच्या पंगतीला एकटाच बसलेला.
त्याला उठवला, की आतली भरलेली पंगत बाहेरची होते.
क्लोरीनकडे सात. त्याला एकच हवा."
"मग?"
"मग मीठ."

मी फळीवरच्या बरणीकडे पाहिलं.
रोज चिमटीत धरते
आणि कुणाची देवघेव आहे, कधी विचारलं नाही.

"ज्याने दिला तो धन आयन.
घेतला तो ऋण."
हे मला लगेच पटलं. देणाऱ्यालाच धनवान म्हणायचं,
कुणी शहाण्याने नाव ठेवलं असणार.
"तसं नाही गं," ती वैतागली,
"इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण असतो.
ऋण गेलं, म्हणून धन."

म्हणजे दान नव्हे.
अंगावरचं फिटलं, एवढंच.

मला चाँदबी आठवली, बफिंगच्या चाकापाशी,
तोंड काळं, फक्त दात पांढरे.
तनिष्काच्या फीला तिने चार हजार काढून दिले होते
ब्लाउजमधून, घामाने ओले.
मी पाचशे पाचशे करून फेडले.
शेवटचे दिले त्या संध्याकाळी
लांडेवाडीचा चौक मी चालतच ओलांडला,
रिक्षा केली नाही, पाय जमिनीला नीट लागत नव्हते.
निकेल दोन देऊन पाण्यात सुटतं
तेव्हा त्याला असंच होत असेल का?
की भीती वाटते?

"सुटं राहतच नाही ते," पुस्तकात न बघता तनिष्का म्हणाली,
"पाणीच त्याला चहूकडून धरून ठेवतं."

मग पलीकडे नळाच्या अंगाला लागताना
त्याला दोन परत मिळतात.
तेच दोन नाहीत. तारेतून आलेले, कुणाचे कोण जाणे.
पण मिळतात, आणि ते तिथंच थांबतं,
पुन्हा धातू होतं,
कुणाच्या तरी बाणेरच्या बाथरूममध्ये
सकाळी सहाला हाताला गार लागतं.

काही मध्येच उतरतात.
माझ्या बोटांच्या बेचक्यात खाज आहे, हिवाळ्यात फुटते.
डॉक्टर म्हणाले, निकेल.
हातमोजे घाला म्हणाले. शेठने एकच जोड दिलाय,
त्यातल्या उजव्याला भोक आहे.

शुक्रवारी सातला काटा हलला, चाळीसवर गेला.
बारीक बुडबुडे सुटले.
मी पहिला जिग सोडला तेवढ्यात
चाँदबी आली, पदराला हात पुसत.
"अगं येडी, आठ हप्ते ठरले होते.
तू नववा दिलास. मी काल वही बघितली."
पाचशेची नोट तिच्या दोन बोटांत.
"घे ना!"
माझे दोन्ही हात ओले,
एकात तार, एकात नळ.
"धर जरा," म्हणाले, "वीस मिनिटं."