दीर्घ उकार

लॅमिंग्टन रोडला इस्माईल मुकादमच्या दुकानात
साडेचार हजारांना मिळालेला लॅपटॉप.
बिजागरी एका अंगाने मोडकी,
'ळ' उमटवायला नख रुतवावं लागतं.
मुकादम म्हणाला, साहेब, यावर आता काही चालायचं नाही.
मी म्हटलं, चालेल.
असं मी नेहमीच म्हणतो
आणि मग रात्रीचे दोन वाजतात.

कन्नमवार नगर, तिसरा मजला, खिडकीत खाडीचा वास.
काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी सरसर वर जातात.
मी वाचत नाही सगळ्या,
नुसता बसून असतो, दूध उतू जाईल म्हणून
गॅसपाशी थांबावं तसा.
अकराव्या खेपेला वायफाय लागलं
तेव्हा आवाज गेला.
आवाज आला
तर झाकण मिटल्यावर जे झोपलं ते उठेचना.
वृषाली कूस बदलून म्हणाली,
"फुकटचं घेतलं की असंच."
"फुकट नाही गं. मुक्त."
"मग मला मुक्त कर. दिवा घालव."

तीन वर्षांपूर्वी टायफॉइडमधून उठत होतो,
तेव्हा हिशेबाच्या एका प्रोग्रामची
चारशे वाक्यं मराठीत आणली होती मी.
कुणी सांगितलं नव्हतं.
अंगात कणकण, मांडीवर उशी, उशीवर मशीन.
'जतन करा' लिहिताना मामा आठवला,
रेडिओ विकल्यावरही
रेडिओच्या लायसनचं पुस्तक जतन करणारा.
'रद्द करा' एका फटक्यात झालं.
'मूळ निर्देशिका'पाशी आठवडा गेला,
अजून तो शब्द घशात अडकतो.

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर
रोज सकाळी लाल अक्षरांत पैसे मागायचा.
शनिवारी मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो,
पंपाच्या घरघरीत.
सेक्रेटरी गवाणकर म्हणाले, "लायसनचे कोण भरणार?"
"कुणीच नाही."
"मग पकडतील."
"नाही पकडणार."
त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं:
सर्वस्वी जबाबदारी माझी.
मी सही केली.
ज्यांनी हे सगळं रचलं, त्यांनी मात्र
पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय,
कसलीही हमी नाही.

थकबाकी बघतात खानोलकर बाई.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत,
चष्म्याची दोरी अजून मानेत.
खोली सतराचं नाव दोनदा पडलं होतं.
बाईंनी एकावर बोट ठेवलं,
पडद्याने विचारलं:
नोंद काढुन टाकायची का?
बाई थांबल्या.
"हे कुणी लिहिलंय?"

तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारत होतं.
माझी छाती वीतभर वर आली.

"काढून. ढू दीर्घ.
चौथीतलं पोर चुकायचं नाही इथे."

पंप बंद झाला नेमका तेव्हाच.
"असेल कुणीतरी, बाई," मी म्हटलं.
"असेल ना. मग सांगा त्याला."

रात्री फाइल उघडली.
ओळ दोनशे त्र्याहत्तर.
ताप उतरत असतानाचा माझाच ह्रस्व उकार
तसाच, कोवळा, बेफिकीर,
किती अनोळखी लोकांना विचारत आलेला
काढुन टाकायची का, काढुन टाकायची का.
दोन बटणं दाबली.
खाली कारण लिहावं लागतं,
लिहिलं: खानोलकर बाईंनी दाखवलं.
कधी न पाहिलेल्या कुणीतरी
कुठल्यातरी गावाच्या पहाटे
उत्तर धाडलं: घेतलं.

मार्चअखेरीस तो उकार
एकशे नव्वद इतर दुरुस्त्यांच्या गर्दीतून
पंपाशेजारच्या खोलीत पोचला.
बाईंनी पडदा वाचला. काही बोलल्या नाहीत.
थकबाकीच्या वहीच्या समासात
लाल पेनाने बरोबरची एक बारीक खूण केली.
मग म्हणाल्या,
"आता ते 'मूळ निर्देशिका' बघायला सांगा त्याला.
कुणाला कळतं ते?
आणि हा प्रिंटर?"

प्रिंटर अजून चालत नाही.
चालेल, मी म्हटलं.