किमान आठ अक्षरं

डेकाटेंचा चेतन स्टुलावर उभा राहून
आमच्याच पंचानं राउटरची धूळ पुसतो. म्हणतो,
"काकू, अख्ख्या गल्लीले माहीत आहे तुमचा पासवर्ड.
पानठेल्यावर तुमच्याच नेटवर मॅच चालून राहिली."
एक ते आठ आकडे, ओळीनं.
लेकानं पुण्याला जाताना घाईत टाकलेले,
मला पाठ राहावेत म्हणून.

हे आतून येतात. बत्तीस वर्षं कोषागारात,
दुहेरी कुलपाची एक किल्ली ह्यांच्याकडे, दुसरी साहेबाकडे,
आणि दोघांना एकाच दिवशी ताप आला
तेव्हा स्टँपपेपरवाचून माणसं परत गेलेली.
"वीस अक्षरं ठेव," ह्यांचा हुकूम,
"नाव लपव. ज्यांना परवानगी, त्यांचीच यादी कर."
चेतन हसतो. "नाव लपवून लपत नाही काका,
शोधणाऱ्याले दिसतेच."

मी सांभार निवडत हिशेब करते:
आहे काय आपल्याकडे नेण्यासारखं?
नातीचा पहिला दात पडला तेव्हाचे फोटो. विजेचं बिल.
माहेरच्या ग्रुपवरची भांडणं,
ती कुणी नेली तर बरंच.
पण पेन्शनही आता ह्याच हवेतून येते.
आणि दारावरचा तो कॅमेरा,
लेकानं काळजीपोटी लावलेला,
दिवसभर कुलपाकडे बघत बसतो.
त्याच्याकडे कोण बघतंय
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

भिंत विटांची असली की कुठं संपते ते कळतं.
हे म्हणजे कूलरसारखं:
खिडकी आपली, पाणी आपलं,
वाळ्याचा वास मात्र रस्त्यानं जाणाऱ्यालाही.
मानेवाड्याच्या मे महिन्यात
कुणी त्या वासापाशी सायकल थांबवली
तर मी काही पैसे मागत नाही.
पण वास घेणारा आणि खिडकीतून हात घालणारा
एकाच जागी उभे राहतात,
आणि उन्हात तोंडाला दुपट्टा दोघांच्याही.

आणि मग उत्पला.
मेश्रामांची. भिंतीला लागून त्यांचा जिना,
त्याच्या चौथ्या पायरीवर बसते,
कारण पाचवीवर रेंज जाते.
दोन वर्षं झाली. बँकेची परीक्षा,
एकदा तीन मार्कांनी हुकली.
तिनं कधी मागितलं नाही, मी कधी दिलं नाही.
संध्याकाळी ती वर बघत नाही,
मी खाली बघत नाही.
वीस अक्षरं म्हणजे त्या पायरीला कुलूप.
आणि बोलावून पासवर्ड द्यायचा
तर दोन वर्षांचं ते न बघणं मोडायचं.

"एक करता येते," चेतन स्टुलावरून उतरतो.
"पाहुण्यांचं वेगळं काढून देतो.
तिथून कोणाले तुमचा कॅमेरा दिसत नाही, फोन दिसत नाही.
आतलं आत, बाहेरचं बाहेर.
नाव काय देऊ?"

"ओसरी," मी म्हणते.

"भटाला दिली ओसरी…" हे सुरू करतात.
पुढची म्हण मी ह्यांना चहाबरोबर गिळायला लावते.
चौथी पायरी ती केवढी,
पसरून पसरून कुणी किती पसरणार.

आतल्याला सोळा अक्षरं. सांगणार नाही,
एवढंच की त्यात आईच्या गावचं तळं आहे
आणि मुद्दाम चुकवलेलं एक स्पेलिंग.
ओसरीला आठ. त्याहून कमी चालतच नाहीत.
ती चिठ्ठीवर लिहिली, घडी केली,
वर सांभारवडीची वाटी ठेवली
आणि वाटी चौथ्या पायरीवर ठेवून
मागे न बघता परत आले.
पानठेल्याला काही कळवलं नाही.
मॅच संपलेली असावी.

आज तिसरा दिवस.
ते स्पेलिंग मी कसं चुकवलं होतं
आठवत नाही.
ह्यांना विचारायची सोय नाही,
ह्यांना मी सांगितलेलंच नाही.
तूर्त माझाही फोन
ओसरीवरच बसून आहे.