अळणी

माझं काम समुद्रातलं मीठ काढायचं.
बरक्याच्या किनाऱ्यावर, बारा बारा तासांच्या पाळीत,
पाण्याला दाबून दाबून
खारं एकीकडे, गोडं एकीकडे,
दर तासाला आकडा वहीत.
घरी येऊन बघतो तर
फोनच्या पलीकडून आई सांगतेय वृषालीला,
"चिमूटभर मीठ घाल गं, अळणी कोण खाईल?"

आईचा हिशेब सरळ.
मुलगे सहाव्यात, मुली पाचव्यात.
मला मात्र साडेचारलाच वरण चाटवलं होतं,
हे ती सांगते, आणि लगेच नाकारतेही.
दवाखान्यातली सुदानी डॉक्टर म्हणाली,
सहा महिने होऊ देत,
पण पंचांगापेक्षा तिच्याकडे बघा.
मान धरते? टेकवून बसवलं तर बसते?
जिभेने चमचा अजून बाहेर ढकलते?
तुम्ही जेवता तेव्हा कुठे बघते?

कुठे बघते!
गेला आठवडाभर नीरजा
माझ्या घासाच्या मागावर आहे,
ताटापासून तोंडापर्यंत,
पापणी न लववता, कस्टमवाल्यासारखी.

खऱ्या कस्टमवाल्याने मस्कतला
नाचणीसत्त्वाची पुडी उघडली होती.
तपकिरी पूड, वर नाव ना गाव,
सासूबाईंच्या हातची दोऱ्याची गाठ.
त्याने हुंगली. चिमटीत घेऊन चोळली.
मला अरबीत नाचणी येईना.
मग दोन्ही हात झुलवून बाळ करून दाखवलं,
रांगेतल्या सगळ्यांसमोर.
तो काहीतरी म्हणाला, हसला,
आणि चिकटपट्टी शोधून
पुडी स्वतः बंद करून दिली.

खालच्या झुवैनाखालांनी डोंगरातला मध दिलाय.
तो कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर.
वर्षाची होईपर्यंत मध नाही, मीठ नाही.
खालांना हे कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

शुक्रवारी उष्टावण.
मामाने भरवायचं, सोन्याच्या अंगठीने.
मामा इचलकरंजीत, पडद्यावर.
नेट अडकलं की उघड्या तोंडाने थांबतो,
जणू त्यालाच भरवायचंय.

शेवटी निसार परकार आला, रात्रपाळी उतरून.
हर्ण्याचा. माझ्याच पंपावर असतो.
"सोना मी घालत नाय," म्हणाला, "चांदी चालेल ना?"
हात तीनदा धुतले.
वृषालीने अंगठी उकळून काढली,
घासून घासून गुळगुळीत झालेली.

त्याचा मुलगा पहिला घास खात होता
तेव्हा निसार इथेच होता.
सुट्टीत गेला तेव्हा
पोरगा तिखट सागोती मागत होता.
"मधला काय मी बघितलाच नाय."
एवढंच बोलला, आणि अंगठी पेजेत बुडवली.

नीरजाने आधी चांदीच चाखली.
मग पेज. तोंड असं केलं,
कोणी वाईट बातमी सांगितल्यासारखं.
अर्धीअधिक बाहेर, हनुवटीवर.
निसारने ती बोटाने गोळा केली
आणि परत आत सारली,
आयुष्यभर हेच करत आल्यासारखी.
दुसऱ्या खेपेला गिळलं तिने.
इतक्या मोठ्याने,
की इचलकरंजीलाही ऐकू गेलं.

अडीच चमचे. बाकीचं झबल्यावर,
आणि थोडं निसारच्या दाढीत.
नंतर ती हक्काने दुधाकडे वळली,
झाला तेवढा प्रकार पुरे म्हणून.

वाटीत उरलं ते मी खाल्लं, उभ्यानेच.
गार, अळणी, शेवटी किंचित गोडसर.
आजवर ह्या घरात तिचं उष्टं
असं काही नव्हतं.

रात्री पाळीवर आकडा लिहीत होतो.
निसार शेजारी, बोटातली अंगठी फिरवत.
"मीठ नव्हता ना त्यात?"
नव्हतं.
बराच वेळ पंपाचाच आवाज.
"मग खाल्लान कशी ती?"