तार तुटली की

तार तुटली की लेमला पुढे ढकलायचं,
हा आमच्या बँडचा पहिला नियम.
चव्वेचाळीस साली, हार्लनच्या अलीकडे,
खाणकामगारांच्या वस्तीतल्या शाळेत
माझ्या बँजोची तार फटकन गेली,
आणि बास वाजवणारा उंच, लाजरा लेम्युएल ऑस्बरी
कोपरानं ढोसून ढोसून आम्ही माइककडे धाडला.
माइक कसला, रॉकेलच्या दोन बत्त्या.
तो गप्प. समोर पापण्यांत कोळसा भरलेले शंभरेक बाप्ये, तेही गप्प.
मग म्हणाला, "आमचं खेचर गेलं काल."
थांबला.
"गेलं म्हणजे मेलं नाही. माझ्या बापाचं ऐकून ऐकून कंटाळलं,
फाटक ढकलून निघून गेलं.
आई म्हणाली, बघा, जमतं एखाद्याला."

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.
मी केव्हाच तार लावून उभा होतो.
माझ्याकडे बघतंय कोण!

पुढच्या आठवड्यात तो कझिन बर्डॉक झाला.
बायकोनं, व्हर्डीनं, आपल्या बापाची विजार आणून
तिचा एक पाय वीतभर आखूड केला.
पुढचा एक दात मेणानं काळा.
मोटेलात पिंगळ्यासारखा रात्रभर वाचत बसणारा माणूस
रोज संध्याकाळी गाडीच्या आरशात बघून
अडाणी व्हायचा.

गाडी म्हणजे जुनी डिसोटो. टपावर ताडपत्रीत बांधलेला बास.
पेट्रोल भरणारी पोरं टोपी काढून विचारायची, कोण गेलं?
लेम म्हणायचा, "अजून कुणी नाही. पण तो टेनर बघा, मागच्या सीटवरचा."

पहाटे साडेपाचला रेडिओ.
मैद्याची जाहिरात, कोंबडीच्या पिल्लांची जाहिरात,
मधे तीन मिनिटं बर्डॉक.
एका बाईनं पत्र लिहिलं: हसता हसता माझा हात घसरला,
गाईनं बादली लाथाडली, भरपाई द्या.
यानं पाठवली. चाळीस सेंट.

सगळे विनोद बायकोवर.
बायकोचा स्वयंपाक, बायकोची बहीण, बायकोचं घोरणं.
लोकांना तिची दया यायची.
मैद्याच्या पिशव्यांच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
ते सगळे लिहायची तीच.
खेचराचाही तिचाच होता, हे मला वीस वर्षांनी कळलं.

एकसष्टच्या फेब्रुवारीत, गुरुवारी, ती गेली.
शनिवारी नॅशव्हिलला कार्यक्रम होता.
तो आला. एक पाय आखूड. दात काळा.
म्हणाला, "माझी बायको म्हणते..."
आणि पुढे काहीच नाही.
लोकांना वाटलं, थांबतो तसा थांबलाय.
डावीकडे कुणीतरी हसलं. मग रांग. मग बाल्कनी.
तो नुसता उभा,
आणि हसू वाढतच गेलं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.
एवढा मोठा हशा त्याला त्याआधी मिळाला नव्हता,
त्यानंतरही नाही.
आम्ही चौघं मागं उभे. कुणाचीच तार तुटलेली नव्हती.

नंतर टीव्ही आला. प्लास्टिकचं गवत, रंगवलेला गोठा,
आणि कॅलिफोर्नियाचा एक पोरगा त्याला शिकवायचा
खेडवळ माणूस कसा चालतो.
लेम मान डोलवायचा, पैसे घ्यायचा.
चौऱ्याहत्तरला तो दात खरोखरच पडला.
"मेणाचा खर्च वाचला," एवढंच म्हणाला.
शेवटी शेवटी सुपरमार्केटांची उद्घाटनं:
सात माणसं, एक कुत्रं,
आणि कुत्र्यासाठीसुद्धा तो विजार बदलून यायचा.

परवाच्या मार्चमध्ये त्याला पोचवलं.
दफनवाल्यानं दाताची खिंड बुजवली होती, गालांना रंग दिला होता.
एखाद्या बँकेचा मॅनेजर दिसत होता.
चर्चमध्ये मी स्तोत्र वाजवायला बसलो,
दुसऱ्याच कडव्याला वरची तार गेली.

सवयीनं मी उजवीकडे बघितलं.
सगळ्यांनीच बघितलं.
तिकडे पेटी होती.
मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं,
मग त्याची मुलगी, मग पाद्री, तोंडावर पुस्तक धरून.

मी तार बदलायला
जरा जास्तच वेळ लावला.