पाक

भाचीचा फोन हॉटेलच्या मागच्या दारातून.
मध्येमध्ये भांडी आदळत होती.
"मामा, या नाताळला हॅम एशियन ग्लेझमध्ये करा,
आमच्या बुफेत प्लेट अठराशेला जाते."
मी विचारलं, एशियन म्हणजे नेमकं कुठलं?
"मामा, एशियन म्हणजे एशियन,"
आणि सोया, स्टार अनीस, आलं, तीळ, ब्राऊन शुगर
एका दमात सांगून पर्लने फोन ठेवला.

मी फातिमानगरच्या तिसऱ्या मजल्यावर
लुंगीत उभा,
आशियातच.
हातात वीजबिल, पाठीमागे यादी.

शिवाजी मार्केटातून चार किलोची आणली,
डुकराची मागची तंगडी, मिठात मुरवलेली.
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी केली.
गोळीबार मैदानाच्या सिग्नलला
रिक्षातलं एक पोर तिच्याकडे बघत राहिलं,
मग माझ्याकडे.

रात्रभर बादलीत. तीनदा पाणी बदललं.
सकाळी मोठ्या टोपात मंद आच, साल सुटेपर्यंत.
खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं गेज तपासले,
म्हणून चरबीवरच्या रेघा सरळ आल्या:
पाऊण इंची शंकरपाळी,
प्रत्येकीत एक लवंग, विड्याला टोचतात तशी.

भट्टीचं रझाकभाईंना विचारणं बरं दिसलं नसतं.
त्यांनीच रस्त्यात हटकलं,
"अमोलिकसाहेब, केक कधी पाठवताय भाजायला?"
केक उद्या, म्हणालो.
घरच्या ओव्हनमध्ये हाड बाहेर राहिलं,
दार चार बोटं उघडं.
हॅकसॉ काढली. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

ब्राऊन शुगर नव्हती, गूळ होता.
व्हिनेगर होतं, पण हात चिंचेकडे गेला.
सोया कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीवरून,
बिष्णूने झाकणाने मोजून दिलं, पैसे घेतले नाहीत.
आणि स्टार अनीस म्हणजे आपलं चक्रीफूल,
हे कळल्यावर समोरचं दार वाजवलं.
गोडा मसाला घरी करणाऱ्या बाईकडे ते असणारच.
मायदेवबाईंनी वाटीत पाच फुलं दिली,
मोजून.
कशाला, ते विचारलं नाही.

विचारायला त्या अर्ध्या तासाने आल्या,
वासामागून, पदराला हात पुसत:
"चिंचगुळाची आमटी टाकलीत की काय?"
नाही, म्हणालो. म्हणजे हो.
म्हणजे, अजून कशाला लागलेलं नाही हे.

ओट्यावर तंगडी पंच्याखाली झाकलेली.
त्यांनी पंच्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं.
"वेगळा चमचा आहे?"
कपाटातून नवा काढला, दोनदा धुतला.
तळहातावर थेंब घेतला त्यांनी तीर्थासारखा,
डोळे मिटले,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
चौदा वर्षांत आमच्या घरात
पाण्याशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं.

"आंबट कमी आहे. आणि घाई करताय तुम्ही.
एकतारी येऊ दे. तीळ अगदी शेवटी,
नाहीतर कडू होतात."

एकतारी आली. बोटांत धरून पाहिली,
मधोमध थरथरणारा एक केस.
दर पंधरा मिनिटांनी हात दिला, चार वेळा.
रंग चढला जुन्या शिसवी पाटाचा,
कडा थोड्या जळल्या, त्याच सगळ्यांनी आधी मागितल्या.
पर्ल शिफ्ट संपवून रात्री अकराला आली,
उभ्यानेच खात म्हणाली,
"मामा, यात काय आहे? आमच्याकडे असं लागत नाही."
मी वीजबिल शोधत होतो. उद्या शेवटची तारीख.

वाटी रिकामी परत करायची नसते.
दुसऱ्या दिवशी उरलेला पाक भरून नेला,
ब्रश बुडवण्याआधीच काढून ठेवलेला,
हे दारातच सांगितलं.
मग पुन्हा सांगितलं.

"कळलं हो," मायदेवबाई म्हणाल्या,
वाटी उजेडाकडे तिरपी करून बघत.
"भरताची वांगी आहेत घरात.
वरून लावून बघते."