बटण, बटण, लिंक

यंत्रातल्या आवाजाला मी भाऊसाहेब म्हणते.
बाईचा लावा की बुवाचा, ढब तलाठ्याचीच:
समोर असेल तेवढंच, विचाराल तेवढंच,
आणि मधेच चहाला गेल्यासारखं गप्प.

रात्रीचे अकरा. धनकवडी.
खाली अंडा-भुर्जीची शेवटची गाडी आवरतेय.
वीजबिलावर अजून अण्णांचं नाव आहे,
ते काढून माझं लावायचंय.
भाऊसाहेब, वाचा.
"बटण. बटण. लिंक. चित्र.
लिंक. लिंक. बटण."
कसलं बटण?
"बटण."

बिनपाट्यांची गल्ली आहे ही.
एका दारात शिरले तर तक्रार निवारण,
दुसऱ्यात एक बाई मोठ्यानं काहीतरी विकतेय,
ती आणि भाऊसाहेब एकदमच बोलतात,
मंडईत दोघींनी एकाच गिऱ्हाईकाला हाक मारावी तसे.
नियम मराठीत आहेत म्हणे,
कुठल्याशा जुन्या फॉन्टातले.
भाऊसाहेब इमानदारीत वाचतात:
"डॉलर. तिरपी रेघ. के. के. टक्के."
इतकी अवघड मराठी मला शाळेतही नव्हती.

अण्णा स्वारगेटहून बसमध्ये वाचायचे ते असं नव्हे.
"डावीकडे बॅगांचं दुकान. सेलची पाटी मागच्या दिवाळीची.
आता एक डॉक्टर, डिग्र्या तीन, जिना मात्र अरुंद.
आता सिग्नल, आणि एक आजोबा उगाच चिडलेत."
लोक वळून बघत असणार.
अण्णांचा आवाज खाली येत नसे.
सगळा टिळक रोड मला तोंडपाठ आहे,
त्यातला निम्मा आता पाडलाय म्हणतात.

शेवटी अर्ज सापडला.
"संपादन, रिकामं. संपादन, रिकामं. संपादन, रिकामं."
कुठल्या रिकाम्यात गेलेल्याचं नाव,
कुठल्यात राहिलेल्याचं?
अंदाजानं भरलं. कुमुदिनी जगन्नाथ ढमढेरे.
भाऊसाहेबांनी परत वाचून दाखवलं: "डॅमडियर."
मग, चित्रातली अक्षरं लिहा.
कसलं चित्र?
"चित्र."

वरच्या मजल्यावरच्या ईशानला फोन केला,
तो तोंडात ब्रश घेऊनच खाली आला.
"कॅपिटल क्यू, सात, छोटा जी... की नऊ आहे तो?"
डोळे असून त्यालाही दिसेना,
खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.
नऊ लिहिलं. चूक.
जी लिहिलं, तोवर वेळ संपली होती.
पुन्हा पहिल्यापासून. बटण. बटण. लिंक.

सकाळी दारात रीडिंगवाला.
म्हटलं, मोठ्यानं वाचा, मलाही कळू दे.
"चार हजार आठशे बावीस."
मग हातातल्या यंत्राकडे बघून, एका दमात,
"जगन्नाथ ढमढेरे."
दोन्ही ढ जागच्या जागी.
"आहेत का घरी?"
"नावापुरते."
तो थांबला थोडा.
"मग नाव बदलून घ्या की ताई. ऑनलाइन होतं आता, घरबसल्या."

पायऱ्या उतरता उतरता म्हणाला,
"आणि हा बाहेरचा दिवा दिवसाही चालू ठेवता का?"

अण्णांना दवाखान्यात नेलं ती रात्र माघातली.
आता वैशाख लागलाय.
येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, मुद्दाम ठेवलाय.
ईशानसुद्धा त्याच्याच खालून आला आणि गेला.
तीन महिने तो जळत होता
आणि मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

भिंतीवरून हात नेला.
बटण.
त्यालाही नाव नव्हतं.
पण जागेवर होतं, अण्णांच्या उंचीला,
माझ्या कपाळाच्या जरा वर.